चमच्यानं खायची स्मूदी

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी आठला पेलाभर स्मूदी प्यायची आणि साडेदहाला ऑफिसखालच्या गाडीवर वडापावसाठी उभं राहायचं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं होत असेल. एवढी पौष्टिक स्मूदी पोटात गेली, मग भूक का लागली? कारण ती तुम्ही प्यायलात. पातळ पदार्थ पोटातून भराभर पुढे सरकतो. शिवाय चावायचं कामच नसलं की पोट भरल्यासारखं वाटत नाही. स्मूदी बोल म्हणजे वाटीत घेतलेली तीच स्मूदी, पण चमच्यानंच खावी लागेल इतकी घट्ट, आणि वर चावायला काहीतरी. आज ती घरच्या मिक्सरवर, घरातल्याच डब्यांमधलं सामान घेऊन कशी करायची ते सांगते.

हा प्रकार आला ब्राझीलमधून. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आसाई नावाचं ताडासारखं झाड असतं. त्याची फळं करवंदाहून लहान, काळपट जांभळी. तिथल्या बेलेम शहरात या फळाचा गर तळलेल्या माशाबरोबर खातात, साखर न घालता, आणि सोबत कसाव्याचं पीठ. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. पुढे रिओच्या किनाऱ्यावर त्यात केळं आलं, गोड सिरप आलं, ग्रॅनोला म्हणजे गोड करून भाजलेले ओट्स आणि दाणे आले, आणि हा गोड अवतार जगभर गेला. मूळ आसाईत साखर अगदी नावाला असते, स्निग्धांश भरपूर. आपण मात्र फोटो बघून आंबा, केळं, अननस एकत्र फिरवतो आणि वर मधाची धार सोडतो. ती न्याहारी नाही, ते गोडाचं जेवण झालं! माझं म्हणाल तर एका वाटीत फळ एकच, फार तर दीड. बाकीची जागा दह्याची आणि दाण्यांची.

आता कृती. आदल्या रात्रीपासून सुरुवात करायची. सालीवर काळे ठिपके आलेलं पिकलं केळं घ्या, सोला, चकत्या करा आणि ताटलीत एकमेकींना न चिकटता मांडून फ्रीझरमध्ये ठेवा. सोलूनच ठेवा बरं का. गोठलेलं केळं सोलायला गेलात तर बोटं बधिर होतील आणि साल तरीही निघणार नाही. दुसरीकडे वाटीभर दही फडक्यात बांधून फ्रीजमध्येच चाळणीवर ठेवा, खाली भांडं. सकाळपर्यंत छान चक्का होतो. खाली जमलेलं पाणी ओतू नका, त्यात कणीक भिजवा.

सकाळी मिक्सरच्या छोट्या भांड्यात आधी चक्का घाला, म्हणजे तो पात्यापाशी राहतो. त्यावर दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ, एक छोटा चमचा भाजलेल्या जवसाची पूड, आणि सगळ्यात वर केळ्याच्या चकत्या. डाळं म्हणजे आपलं चिवड्यातलं डाळं. या वाटीचा खरा आधार तेच आहे. १०० ग्रॅम दह्यात प्रथिनं साधारण ३ ग्रॅम, डाळ्यात २०च्या आसपास आणि शेंगदाण्यात २५. बाजारातली महागडी प्रोटीन पावडर आणण्याआधी हे डबे उघडून बघा. जवस मात्र अख्खं घालू नका, ते न पचता तसंच बाहेर पडतं.

मिक्सर एकदम सुरू करून सोडू नका. बटण उलट्या बाजूला झटक्या-झटक्यानं फिरवा, थांबा, चमच्यानं बाजूचं खाली ओढा, पुन्हा दोन झटके. सुरुवातीला पातं नुसतं खडखडतं, चकत्या जागच्या हलत नाहीत, आणि हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. तो आवरा. फारच अडलं तर दोन चमचे दूध, त्याहून जास्त नाही. मोटर जास्त वेळ चालली की भांडं तापतं, केळं वितळतं आणि तुमच्या हातात येतं शिकरण. शिकरण वाईट नाही, पण ते पोळीबरोबर. घट्टपणा बरोबर जमलाय का हे बघायला वर एक शेंगदाणा टाका. तो बुडता कामा नये.

ओतायची वाटी आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तर मिश्रण लवकर सैल होत नाही. मग वर मूठभर भाजलेले शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, ओल्या खोबऱ्याचे काप, असतील तर डाळिंबाचे दाणे. राजगिऱ्याच्या लाह्या अगदी शेवटी, चमचा हातात घेतल्यावर. दोन मिनिटांत त्या मऊ पडतात आणि कुरकुरीतपणाची सगळी मजा जाते. डाळं आणि जवस वगळलंत तर हीच वाटी उपवासालाही चालेल.

नाचणी घालायची असेल तर कच्चं पीठ टाकू नका. सत्त्व पाण्यात शिजवून, गार करून त्यातले दोन-तीन चमचे घ्या. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं आणि मिश्रणाला घट्टपणाही येतो.

फळांचं थोडं तंत्र आहे. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या फोडी गोठवा आणि केळं अर्धं करा. थंडीत घोलवडचा चिकू उत्तम, त्याला वेगळ्या गोडीची गरजच नाही. पेरूचा गर चाळणीतून काढून घ्या, नाहीतर बियांची कचकच दाताखाली येते. सीताफळाच्या बिया मात्र एकूण एक वेचून काढा. त्या मिक्सरमध्ये वाटल्या जाता कामा नयेत. त्या त्रासदायक असतात, नुसत्या बेचव नव्हे. आणि न शिजवलेलं ताजं अननस, पपई किंवा किवी दह्यात फिरवून ठेवलंत तर थोड्या वेळानं कडू लागतं. या फळांतली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात, म्हणून. ही फळं हवीच असतील तर वरून फोडी घाला आणि लगेच खा.

मधुमेह असेल तर केळं अर्धं घ्या, खजूर आणि मध नको, दाणे वाढवा, आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा. मुलांसाठी मात्र एखादा खजूर चालेल.

शेवटची सूचना भांडी घासणाऱ्यांच्या वतीनं. मिक्सरचं भांडं रिकामं झालं की लगेच पाणी भरून ठेवा. जवस आणि केळं वाळलं की पात्याखाली असं चिकटतं की नखानंही सुटत नाही. नमस्कार.