मोटरला डोळे नसतात

[पडद्यावर: अर्धं ओढलेलं शटर. ट्यूबलाइटखाली ॲल्युमिनियमची चौकट, मधोमध चकचकीत बॉलस्क्रू. मोटरच्या चार तारा लोंबताहेत.]

हे घरी बनवलेलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं मशीन. चौकट उभी राहिली. रेल सरळ बसले. बॉलस्क्रू, म्हणजे टेबल सरकवणारा स्क्रू, बोटाने फिरवला की टेबल लोण्यातून सरकल्यासारखं सरकतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं मशीन तयार. पण एक मिलिमीटर म्हणजे किती, हे या मशीनला अजून ठाऊक नाही. ते शिकवायला सुरुवात होते या चार तारांपासून.

तांबडी, निळी, हिरवी, काळी. रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. सुटी मोटर हाताने फिरवा, हलकी फिरते. आता कोणत्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवा आणि पुन्हा फिरवा. जड झाली? त्या दोन तारा एकाच कॉइलच्या. मल्टिमीटरही हेच सांगतो, पण बोटांना कळलेली जोडी लक्षात राहते.

ही स्टेपर मोटर. पूर्ण पाऊल 1.8 अंशांचं, 200 पावलांत एक फेरा. कंट्रोलर म्हणतो ‘चल’. ती चालली की नाही, हे तो कधीच विचारत नाही. कारखान्यातल्या सीएनसीवर सर्व्हो मोटर असते, ती आपण कुठे आहोत हे सतत कळवत राहते. घरच्या मशीनवर असा उलट निरोप येत नाही. म्हणून इथलं सगळं वायरिंग एका भरवशावर उभं असतं: पाठवलेला प्रत्येक पल्स, म्हणजे पाऊल टाकायचा विजेचा इशारा, पोचला पाहिजे, आणि न पाठवलेला एकही पोचता कामा नये.

[पडद्यावर: हातात मावणारा निळा बोर्ड.]

पल्स पाठवणारा हा आर्डुइनो उनो. 32 किलोबाइटची मेमरी, 16 मेगाहर्ट्‌झचा वेग. त्यावर चालतं जीआरबीएल, मशीन हलवणारं सॉफ्टवेअर. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ते 2009 साली लिहायला घेतलं, पुढे सनी जिऑन यांनी वाढवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. एवढ्याशा चिपमधून सेकंदाला 30 हजार पल्स, तेही एका लयीत. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

बोर्ड आणि मोटर यांच्यामध्ये ड्रायव्हर, पल्स घेऊन मोटरला करंट देणारा. इथे नवखा माणूस हमखास थबकतो. मोटरच्या कागदावर तीनेक व्होल्ट लिहिलेले, आणि आपण सप्लाय लावतोय 36 व्होल्टचा! जळणार नाही का? नाही जळत. ड्रायव्हर करंट मोजतो आणि ठरवलेल्या आकड्याला पोचला की तोडतो, सेकंदाला हजारो वेळा. जास्तीचे व्होल्ट लागतात ते घाईसाठी. कॉइल करंटला लगेच आत येऊ देत नाही. मोटर वेगात फिरते तेव्हा प्रत्येक पावलाला मिळणारा वेळ इतका थोडा, की कमी व्होल्टेजवर करंट भरायच्या आत पुढचं पाऊल येतं आणि मोटरची ताकद जाते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सप्लाय चालू असताना मोटरची तार काढू नका. मी काढली होती. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि ड्रायव्हर गेला. कॉइलमधला करंट अचानक तुटला की व्होल्टेज उसळतं, आणि ते ड्रायव्हरला सोसत नाही. तेव्हापासून प्रत्येक तारेच्या टोकाला थिंबल, म्हणजे दाबून बसवलेली धातूची टोपी, प्रत्येक स्क्रू दोनदा आवळलेला.

[पडद्यावर: लॅपटॉपवर एक ओळ. $100=320]

आता तो मिलिमीटर. मोटरची 200 पावलं, ड्रायव्हरने प्रत्येकाचे केलेले 8 भाग: फेऱ्याला 1600 पल्स. हा स्क्रू एका फेऱ्यात 5 मिलिमीटर पुढे जातो. 1600 भागिले 5, म्हणजे मिलिमीटरला 320 पल्स. मशीनला मिलिमीटर शिकवला तो या एका ओळीने. पुढे 100 मिलिमीटर चालवून 99.8 भरले, तर हा आकडा लगेच बदलायला जाऊ नका. बॉलस्क्रूवर हिशेब सहसा बरोबर असतो. आधी मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू बघा, मग मोजपट्टी धरलेला हात बघा.

वेग आणि त्वरण मात्र हिशेबाने येत नाहीत, कानाने येतात. $120, म्हणजे त्वरणाचं सेटिंग, हळूहळू वाढवत न्यायचं. एका आकड्याला मोटर ‘घर्रर्र’ करते आणि जागीच थरथरते. टेबल थांबलेलं, स्क्रीनवरचा आकडा मात्र पुढे चाललेला: 80, 90, 100. स्क्रीन खोटं बोलत नाही, ती फक्त पाठवलेले पल्स मोजते आहे. तिथून बरंच मागे या. धातू कापताना लागणारी ताकद अजून हिशेबात आलेली नाही.

[पडद्यावर: स्पिंडल सुरू होतो. स्क्रीनवर लाल अक्षरं.]

माझे सगळ्यात जास्त दिवस गेले ते इथे. टूल फिरवणारा स्पिंडल बंद असताना सगळं सुरळीत, सुरू केला की लिमिट स्विचचा, म्हणजे टेबल टोकाला पोचल्याचं सांगणाऱ्या स्विचचा, अलार्म. स्विचला कुणी हात लावलेला नाही. प्रोग्राम तपासला, बोर्ड बदलला. दोष होता केबलच्या वाटेत. स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या व्हीएफडीची जाड केबल आणि स्विचची बारीक तार एकाच पट्टीतून, अंगाला अंग लावून नेलेली. व्हीएफडीचा गोंगाट बारीक तारेत उतरत होता, आणि बोर्डाला वाटत होतं टेबल टोकाला धडकलं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून शील्डेड, म्हणजे धातूचं आवरण असलेली केबल आणली. वेगळ्या वाटेने नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडला, म्हणजे एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा, आणि जीआरबीएलला तसं कळावं म्हणून $5=1 केलं. आता तार तुटली तरी मशीन धावत सुटत नाही, लगेच थांबतं.

आणि हे लाल बटण. याची तार बोर्डाकडे जाता कामा नये. ते थेट कॉन्टॅक्टर, म्हणजे सप्लायचा मोठा स्विच, पाडतं आणि स्पिंडल, मोटर दोन्हींचा सप्लाय तोडतं. बोर्ड अडकला तरीही तुटला पाहिजे.

[पडद्यावर: सगळे हात टेबलापासून दूर. $H]

होमिंग, म्हणजे मशीनने स्वतःची जागा शोधणं. सेटिंगमध्ये ते चालू ठेवलं असेल, तर जीआरबीएल उठतं तेच कुलूप लावून. आपण कुठे आहोत, हे त्याला ठाऊक नसतं. आधी झेड वर जातो, टूल मोकळं होतं. मग एक्स आणि वाय कोपऱ्याकडे सरकतात. टिक्. जरा मागे. पुन्हा सावकाश पुढे. टिक्.

टेबलाला डायल गेज, म्हणजे बारीक सरक दाखवणारं मोजयंत्र, लावला, सुई शून्यावर आणली. स्पिंडल पूर्ण वेगात, आणि टेबल अर्धा तास मागे-पुढे, मागे-पुढे. मध्ये कुणी बोललं नाही. मग परत शून्यावर बोलावलं.

[पडद्यावर: डायल गेज, जवळून. सुई शून्याकडे येते आणि थांबते.]