ॲव्हरेज किती देते?

नमस्कार मंडळी. जुनी गाडी बघायला गेलं की आपण सगळ्यात आधी हेच विचारतो ना, ॲव्हरेज किती देते? आणि समोरचा माणूस जरा आभाळाकडे बघून एक आकडा सांगतो. अठरा. वीस. बावीस. आजवर मला कुणी साडेतेरा सांगितलेलं नाही, आणि साडेतेरा देणाऱ्या गाड्या तर रस्त्यावर ढिगाने फिरतायत, मग त्या विकतंय तरी कोण?

तर आज बोलूया रोज चालवायला, कमी पिणारी, जुनी गाडी कशी निवडायची यावर. मी मेकॅनिक वगैरे नाही, पण चार सेकंड हॅन्ड गाड्या वापरून झाल्यात आणि त्यातल्या एकीने मला भरपूर शिकवलंय, तिची गोष्ट पुढे सांगतेच. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांमधे लिटरमागे चार-चार किलोमीटरचा फरक मी स्वतः बघितलाय, त्यामुळे मॉडेल कुठलं हे मी नंतर बघते, आधी समोर उभी असलेली ती गाडी बघते.

पण त्याच्याही आधी एक हिशोब, कागद असेल तर घ्या, नाहीतर नुसतं ऐका. समजा महिन्याला १००० किलोमीटर रनिंग आहे. १० देणारी गाडी १०० लिटर पिणार. तिच्याऐवजी १२ देणारी घेतली तर ८३ लिटर, म्हणजे १७ लिटर वाचले. आता दुसरीकडे २० देणारी गाडी ५० लिटर पिते आणि २५ देणारी ४०, वाचले १०. म्हणजे १० वरून १२ वर जाणं हे २० वरून २५ वर जाण्यापेक्षा जास्त फायद्याचं, आणि ऐकताना तर उलटंच वाटतं, कारण पाचाचा फरक दोनाच्या फरकापेक्षा मोठा वाटतो! २००८ मधे लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी 'सायन्स' मासिकात नेमकं हेच दाखवलं होतं, की गॅलनला किती मैल, म्हणजे आपल्याकडचं लिटरला किती किलोमीटर, या भाषेत माणसं हमखास फसतात. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, ते जास्त प्रामाणिक आहे. तेव्हा २२ वाली की २४ वाली म्हणून रात्र रात्र डोकं फोडत बसू नका, हजार किलोमीटरला चार लिटरचा पण फरक नाही त्यात, त्यापेक्षा त्या दोघींमधली धडधाकट कुठली ते बघा.

कंपनीच्या आकड्याचं काय? तो आकडा लॅबमधे रोलरवर गाडी पळवून काढलेला असतो. युरोपातली जुनी एनईडीसी टेस्ट जेमतेम २० मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती, एसी बंद, आणि सरासरी वेग ताशी ३४ च्या आतच. २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली, जी बरीच कडक आहे. अमेरिकेत पण २००८ च्या मॉडेलांपासून मोजायची पद्धत बदलली आणि जुन्या गाड्यांचे आकडे नव्याने काढले गेले, तेव्हा टोयोटाची २००४ ची प्रियस शहरात गॅलनला ६० मैलांवरून एकदम ४८ वर आली. गाडी तीच हां, इंजिन तेच, फक्त फुटपट्टी बदलली. त्यामुळे एका गाडीचा जुन्या टेस्टचा आकडा आणि दुसरीचा नव्या टेस्टचा आकडा शेजारी ठेवून तुलना करत असाल तर थांबा.

आता त्या शिकवणाऱ्या गाडीची गोष्ट. छोटी पेट्रोल हॅचबॅक होती, घेतली तेव्हा १७ च्या आसपास द्यायची, मग हळूहळू १३ वर आली. एका गॅरेजमधे दाखवली, त्यांनी प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ केले. मग म्हणाले मॅडम आता गाडी जुनी झाली, एवढंच देणार. मी पण मान डोलावली आणि सहा महिने तशीच चालवली. मग एकदा हायवेला शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, ताई, तुझा टेम्परेचरचा काटा खाली का जातोय गं? आणि खरंच, गावातल्या ट्रॅफिकमधे काटा मधोमध असायचा आणि हायवेवर वारा लागला की पाव भागावर उतरायचा, मी रोज बघत होते आणि उलट खूश होते की वा, इंजिन किती थंड राहतं आपलं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेतला एक छोटा व्हॉल्व्ह, इंजिन गरम होईपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो उघडा राहिला की इंजिन नीट तापतच नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं अजून गाडी नुकतीच सुरू झालीये, मग तो बिचारा पेट्रोल जास्त सोडत राहतो. बदलायला एक तास पण लागला नाही, आणि ॲव्हरेज परत १६ च्या वर.

म्हणून जुनी गाडी बघायला जाताना माझी पहिली अट, इंजिन थंड पाहिजे. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवते. गरम लागलं तर विचारते की आधीच का सुरू करून ठेवली, कारण थंड गाडीचे जे नखरे असतात ते गरम झाल्यावर लपतात. थंड सुरू करून सायलेन्सरच्या मागे उभं राहायचं. पांढरी वाफ थोडा वेळ आली तर चालतं, ते पाणी असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर किंवा नळीच्या तोंडाशी बोटाला काजळीसारखं काळं लागलं तर पेट्रोल पूर्ण जळत नाहीये, म्हणजे तुमचंच इंधन धूर होऊन चाललंय. मग टेस्ट ड्राइव्ह घ्यायची, पण चौकापर्यंत जाऊन परत असली नाही, निदान वीस मिनिटं, आणि काट्यावर लक्ष ठेवायचं, मधे येऊन तिथेच थांबला पाहिजे.

परत आलात की लगेच खाली उतरा आणि चारी चाकांजवळ हात न्या. रिमला एकदम चिकटवू नका, भाजेल, नुसता जवळ न्या. पुढची दोन चाकं साधारण सारखी गरम, मागची दोन त्याहून कमी पण आपसात सारखी, असं पाहिजे. एखादं चाक एकटंच तापलंय, जवळ जळका वास येतोय, तर तिथे ब्रेक धरून राहिलाय, म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर देताय आणि गाडी मागे ओढतेय, एकाच वेळी. एक गाडी मी केवळ या वासामुळे सोडली. मालक म्हणाला नवीन लायनर आहेत म्हणून वास येतो, असेल बाबा, पण नवीन लायनर एकाच चाकाला बसवले होते का मग? अजून एक सोपी खात्री म्हणजे अगदी हलक्या उतारावर, रस्ता मोकळा बघून, इंजिन चालू ठेवूनच न्यूट्रल करायचं आणि ब्रेक सोडायचा, गाडी आपली आपण सरकली पाहिजे.

टायर बघा, पण नुसते किती झिजलेत एवढंच नको, कसे झिजलेत ते बघा. एकाच कडेला झिजले असतील किंवा हात फिरवल्यावर एका बाजूने करवतीसारखे लागत असतील तर अलाइनमेंट गेलंय आणि चाकं रस्त्यावर घासत चाललीयेत. आणि मालकाने हौसेने मोठे रिम आणि रुंद टायर टाकले असतील तर माझं मत सरळ आहे, दिसायला भारी, पेट्रोलला वाईट. त्यातून टायरची उंची बदलली असेल तर मीटर पण खोटं बोलतो, उंच टायरवर गाडी जास्त पळते आणि मीटर कमी दाखवतो. हवेबद्दल मात्र लोक उगाच फार बोलतात, १ पीएसआय कमी झाला तर साधारण ०.२ टक्के फरक पडतो, म्हणजे हवा भराच, सेफ्टीसाठी तर भराच, पण १३ चे १७ हवेने होणार नाहीत. एअर फिल्टरचं पण तेच. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मधे तपासलं होतं, फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. कार्बोरेटरवाल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, पण रोजच्या वापराला मी कार्बोरेटरवाली घ्यायला सांगणारच नाही, इंजेक्शन पाहिजे आणि एअरबॅग पाहिजेत, दोन लिटर वाचवायला जीव कशाला टांगायचा.

गाडीत ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असेल, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं असतं, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, तर एक छोटा स्कॅनर बरोबर न्या, मोबाईलला जोडता येतो. त्यात दोन गोष्टी बघायच्या. लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते, शून्याच्या आसपास असावा, दहाच्या वर किंवा उणे दहाच्या खाली गेला तर कुठेतरी चोरून हवा आत शिरतेय किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतोय. दुसरं म्हणजे रेडिनेस मॉनिटर, गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या पूर्ण झाल्यात का ते सांगणारे. ते बरेचसे अपूर्ण दिसले तर एकतर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा कुणीतरी तुम्ही यायच्या आधी एरर पुसून टाकल्यात. हसून विचारा, चेहरा बघा.

आता पेट्रोल की डिझेल की हायब्रिड. हे तुमच्या रस्त्यावर अवलंबून आहे, गाडीवर नाही. डिझेलमधे लिटरमागे १० ते १५ टक्के ऊर्जा जास्त असते आणि इंजिन पण त्या ऊर्जेतून जास्त काम काढतं, म्हणून आकडा छान दिसतो. पण युरोपात साधारण २००९ नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ, आणि तो साफ व्हायला गाडी बराच वेळ तापून पळावी लागते. तुम्ही रोज चार किलोमीटर जाणार आणि चार किलोमीटर येणार, तर तो तुंबत राहणार, मधेच स्वतःला साफ करायला जास्तीचं डिझेल जाळणार, आणि एक दिवस दिवा लागणार. इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) यातलं एक जरी गेलं की वर्षभर वाचवलेलं डिझेल एका बिलात परत. आगीतून फुफाट्यात. रोज लांबचा मोकळा रस्ता असेल तर घ्या डिझेल, खुशाल घ्या, नाहीतर छोटं साधं पेट्रोल इंजिन बरं.

ट्रॅफिकमधे हायब्रिडला तोड नाही हे मान्य. प्रियस १९९७ मधे जपानात आली, म्हणजे हे तंत्र आता काही नवखं नाही, ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते आणि सिग्नलला इंजिन बंद. पण जुन्या हायब्रिडमधे तुम्ही दोन गाड्या विकत घेताय असं समजा, एक इंजिनची आणि एक बॅटरीची. मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून बॅटरीला थंड हवा मिळते, आणि ती कुत्र्याच्या केसांनी, धुळीने, बिस्किटाच्या चुऱ्याने भरलेली असते. ती जाळी बघितली की मालकाने गाडी कशी सांभाळली ते समजतं.

आणि रेकॉर्डवाल्या गाड्यांच्या नादी लागू नका. फोक्सवागेनची लुपो ३एल १९९९ मधे आली होती, १०० किलोमीटरला ३ लिटर, ऐकूनच जीव हरखतो. त्याच वर्षी होंडाची पहिली इनसाइट, ॲल्युमिनियमची, दोनच सीट. सुंदर गाड्या, मला दोन्ही आवडतात. पण हे सगळं साधायला त्यांना खास पार्ट वापरावे लागले, आणि लुपोचा तो आपोआप गियर टाकणारा गियरबॉक्स बिघडला की तो जाणणारा माणूस शोधत फिरावं लागतं. रोजच्या गाडीचा पार्ट कुठेही मिळाला पाहिजे. पार्टची वाट बघत गॅरेजमधे उभी असलेली गाडी शून्य लिटर पिते, तेवढाच काय तो फायदा.

घेतल्यावर एक काम करा, डॅशबोर्डच्या आकड्यावर जाऊ नका, तो बऱ्याचदा जरा उदार असतो. टाकी फुल करा, पंपाचं पिस्तूल पहिल्यांदा कट होईल तिथेच थांबा, ट्रिप मीटर शून्य. तीनचारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर परत तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं तीन वेळा करून सरासरी काढा, कारण एका टाकीत कट इकडेतिकडे होतो.

माझी आत्ताची गाडी पंधरा वर्षांची आहे. तिचा तीन टाक्यांचा हिशोब आला १६.४. मालकाने मला अठरा सांगितलं होतं, आणि मी घरी येताना मनात सोळा धरलं होतं.