तीन पत्तीतून पोकरकडे

मंडळी, दिवाळीत तीन पत्ती खेळत नाही असं घर नागपुरात शोधावं लागेल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पोकरमध्ये नवखा माणूस नियम ठाऊक नसल्यामुळे फारसा हरत नाही, तीन पत्तीचे नियम डोक्यात पक्के बसल्यामुळे हरतो.

पहिला घोळ ‘ब्लाइंड’चा. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता केलेली चाल. टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी आधीच भरायची ती सक्तीची रक्कम, दुसऱ्याची बहुधा पहिल्याच्या दुप्पट. मग प्रत्येकाला दोन बंद पत्ते आणि बोली. टेबलावर तीन उघडे, त्याला फ्लॉप म्हणतात, पुन्हा बोली. चौथा पत्ता टर्न, बोली. पाचवा रिव्हर, शेवटची बोली. दोघंच उरले म्हणून पैसे भरून ‘शो’ मागता येत नाही. हातातले दोन आणि टेबलावरचे पाच, या सातांतून चांगले पाच धरायचे.

आता क्रम, आणि इथे घाई करू नका. आपली ट्रेल, म्हणजे तीन सारखे, सगळ्यांच्या वर. पोकरमध्ये तीन एक्क्यांना साधा सिक्वेन्सही, म्हणजे ओळीनं आलेले पत्ते, मारतो. आपल्याकडे सिक्वेन्स कलरच्या (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे) वर, तिकडे कलर वर. कारण मोजणीत आहे. तीन पत्त्यांचे एकूण हात २२,१००. त्यात साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. जो हात कमी वेळा लागतो, तो वरचा. कलरच्या वर फुल हाउस, म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी. मग चार सारखे. मग प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाचा. आणि एक्का-दुर्री-तिर्रीचा आपल्याकडचा रुबाब विसरा, एक्का ते पंजी हा पोकरमधला सगळ्यात लहान सिक्वेन्स.

एक डाव जवळून बघू. तुमच्या हाती बदामचा एक्का आणि नव्वी. टेबलावर बदाम राजा, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री, टर्नला चौकट तिर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, २०० टोकन, समोरच्यानं १०० लावले. १०० भरून ३०० मिळवायचे, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते ४६, त्यात तुमचा कलर पुरा करणारे बदाम ९. नऊदा ३०० म्हणजे २,७०० येतात, सदतीसदा १०० म्हणजे ३,७०० जातात. पॅक करा, म्हणजे हात सोडा. पण त्याच्याकडे फक्त राजाची जोडी आहे अशी तुमची खात्री असेल, तर उरलेले तीन एक्केही तुमचेच, कारण एक्क्याची जोडी राजाच्या जोडीच्या वर. मग बारादा ३,६०० येतात आणि चौतीसदा ३,४०० जातात. आता भरणं बरोबर. पत्ते तेच, टोकन तेवढेच. निर्णय बदलला तो समोरच्याच्या हाताच्या अंदाजानं. हा अंदाज बांधायला त्याच्या आधीच्या तिन्ही बोल्या आठवा: फ्लॉपच्या आधी त्यानं वाढवलं होतं का, राजा उघडल्यावर लगेच लावले का, टर्नला रक्कम वाढली की तेवढीच राहिली?

म्हणूनच वाटणाऱ्याची जागा सगळ्यात फायद्याची. फ्लॉपपासून पुढे तो शेवटी बोलतो, बाकीच्यांचं ऐकून. प्रत्येक डावाला ही जागा डावीकडे सरकते, म्हणजे ती सगळ्यांच्या वाट्याला येते. सुरुवातीला त्याच जागेवर जास्त हात खेळा, आणि ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसलात तर मोठ्या जोड्या नि एक्का-राजा एवढेच.