नकल उतरवताना : नागपूरच्या एका पोर्चमधलं काम

[दृश्य : वर्धा रोड. खाली गाड्या, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. गाडीच्या आतून ध्वनी.]

गाडी साठच्या पुढे गेली की हा आवाज सुरू होतो. टायरचा वाटतो, पण टायरचा नाही. वेग वाढला की घरघर वाढते. स्टिअरिंग हलकंसं डावीकडे वळवलं की ती आणखी चढते, उजवीकडे वळवलं की दबते. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, त्यामुळे संशय उजव्या बाजूच्या बेरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्यावर. ते बदलायचं तर त्याला धरून ठेवणारा भाग, म्हणजे 'नकल', उतरवावा लागतो.

या गाडीला एक इतिहासही आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ती दारात उभी होती. इंजिन साफ झालं, सीटा वाळल्या, गाडी पुन्हा धावू लागली. पण गढूळ पाणी बेरिंगच्या सीलमधून आत गेलं, की ते ग्रीस धुतं आणि बारीक माती मागे ठेवून जातं. अशा बेरिंगची कुरकुर लगेच ऐकू येत नाही, काही महिन्यांनी येते.

[दृश्य : पोर्च. पुढचं चाक उचललेलं. एक हात चाक फिरवतोय, दुसरा शॉकअपच्या स्प्रिंगवर.]

वडिलांनी चाक हातानं फिरवलं आणि लेकीचा तळवा स्प्रिंगवर ठेवला. "कळलं का काही?" "हो बाबा, आत रेती असल्यासारखं लागून राहिलं." कानाला नीट न सापडणारी खरखर हाताला सापडते. यासाठी कुठलं महागडं यंत्र लागत नाही.

ते बेरिंग ज्यात बसलंय तो ओतीव लोखंडाचा भाग म्हणजे नकल. गाडीच्या पुढच्या बाजूचं जवळजवळ सगळं इथे येऊन मिळतं. वरून शॉकअप, खालून लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारा सांधा, बाजूनं स्टिअरिंगची ओढ चाकाला देणारा टाय रॉड, मधून इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि पाठीवर ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर. शॉकअप आणि नकल थेट जोडण्याची ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९४० च्या दशकात मांडली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी दारात आली, आणि तिच्यासोबत हा जोडही आला.

हे काम घरी होतं का? होतं. पण इथे एक बोल्ट ढिला राहिला तर चाक आणि स्टिअरिंग यांचं नातं तुटतं. म्हणून उतरवण्यापेक्षा बसवण्याला जास्त वेळ द्यायचा, हे आधीच मनाशी ठरवायला हवं.

[दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. मागच्या चाकांना विटा.]

काम सकाळीच काढलंय. नागपूरच्या उन्हाळ्यात दहानंतर पान्याला हात लावायची सोय नसते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा. चाक जमिनीवर असतानाच ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावरचं, चाकाच्या मधलं मोठं नट ढिलं करायचं. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, ती आधी टोच्यानं उचलायची. मग लांब दांडा, लेकीचा पाय ब्रेकवर, आणि एक सावकाश जोर. हे नट परत वापरायचं नाही, नवीन आणून ठेवायचं. ते ढिलं झाल्यावर गाडी एक इंचही पुढेमागे ढकलायची नाही, बेरिंगला ते सहन होत नाही.

मग जॅक, आणि जॅकच्या आधाराला घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड. या पोर्चमध्ये सिमेंटचे गट्टू बसवलेत. गट्टू एका कोपऱ्यावर भार आला की दबतात, म्हणून घोडीखाली जाड लाकडी फळी. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं. घोडी सरकलीच तर गाडी माणसावर न येता चाकावर येईल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका.

कॅलिपरचे दोन बोल्ट निघाले, की तो तारेनं स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. चाकाच्या वेगाचा सेन्सर असेल तर तो हळूच काढून बाजूला बांधायचा, त्याची वायर ओढली की खर्च वाढलाच.

[दृश्य : टाय रॉडचं टोक, अगदी जवळून. गंज, जुनं ग्रीस, कॉटर पिनचं, म्हणजे नट फिरू न देणाऱ्या पिनचं, वाकलेलं टोक.]

आता खरी जागा. टाय रॉडचा खिळा निमुळता असतो आणि नकलच्या बाहेर आलेल्या कानात तसंच निमुळतं भोक. कुऱ्हाडीचा दांडा पात्यात बसावा तसा तो घट्ट होऊन बसतो. नट काढलं तरी खिळा जागचा हलत नाही, आणि इथेच नवख्या माणसाची चूक होते. तो खालून खिळ्यावरच हातोडा मारतो. आटे चेपतात, खिळा तर निघत नाहीच, वर टाय रॉडही नवा घ्यावा लागतो.

"बाबा, निघून नाही राहिलं."

"घाई नको करू बेटा. नट दोन आटे राहू दे. आणि खिळ्यावर नाही, कानावर मार. बाजूनं."

कानावर बाजूनं बसलेला नेमका घाव लोखंडाला क्षणभर दाबतो, भोकाचा आकार केसभर बदलतो आणि पकड सुटते. एक घाव, दुसरा, आणि मग ठक्क. खिळा नटावर येऊन टेकतो. राहिलेले ते दोन आटे त्याला खाली पडू देत नाहीत. हातोडा जमत नसेल तर जॉइंट सोडवायचा पुलर मिळतो. तो जास्त सभ्य मार्ग आहे आणि रबरी बूट फाटायची भीतीही कमी.

खालच्या बॉल जॉइंटला या गाडीत आडवा बोल्ट आहे. तो खिळ्याच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जॉइंट सुटणार नाही. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवला होता. मग लांब सळईनं लोअर आर्म खाली दाबला की तो सुटतो.

शॉकअपचे दोन बोल्ट काढण्याआधी लेकीनं पांढऱ्या रंगानं खुणा केल्या : बोल्ट कुठे होता, नकल कुठल्या कोनात होती. या दोन बोल्टांच्या भोकात थोडी ढिलाई असते आणि तेवढ्यानं चाकाचा कोन बदलतो.

शेवटी ड्राइव्ह शाफ्ट. त्याच्या आट्यांवर लोखंडी हातोडा कधीच नाही. नट टोकाशी सपाट लावायचं, वर लाकडाचा ठोकळा, आणि मग हलका ठोका. शाफ्ट सुटला की तोही बांधून ठेवायचा. बाहेर ओढला तर आतला जॉइंट निसटतो, आणि शाफ्ट गिअरबॉक्समधूनच सुटला तर तिथलं तेल पोर्चभर होतं.

[दृश्य : हिंगण्याच्या बाजूचं वर्कशॉप. हायड्रॉलिक प्रेस. हातात सुटी नकल.]

पोर्चमधलं काम इथे थांबतं, आणि थांबायलाच हवं. जुनं बेरिंग हातोड्यानं काढून नवं ठोकून बसवणारे आहेत, मला ते पटत नाही. बेरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यावा. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बेरिंगमध्ये दाबताना आधार आतल्या कड्याला हवा. उलट केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्याच आठवड्यात गुणगुणू लागतं. सेन्सरवाल्या गाडीत बेरिंगची एक बाजू चुंबकी असते, बारीक टाचणी तिला हलकेच चिकटते. ती बाजू सेन्सरकडे. प्रेसवाले काका हे विचारायच्या आधीच बेरिंग फिरवून पाहतात. असा माणूस सापडला की त्याचा नंबर जपून ठेवावा.

[दृश्य : परत पोर्च. संध्याकाळ. टॉर्क रेंच.]

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं लावायचे, एकही पान्यानं नाही. हातानं फिरत नसेल तर आटे चुकलेत. सगळे लागल्यावर खुणा जुळवायच्या आणि मग टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना. किती न्यूटन-मीटर ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच. शेजारच्या गाडीचा आकडा इथे चालत नाही. टाय रॉडच्या नटाची खाच पिनच्या भोकाशी जुळली नाही तर नट थोडं आणखी आवळायचं, मागे कधीच घ्यायचं नाही. पिन नवीन.

मधलं मोठं नट चाक टेकवण्याआधीच, ब्रेक दाबून धरून, पूर्ण आवळायचं. नंतर त्याची कड खाचेत ठोकायची. मग ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. हे विसरून गाडी मागे काढणाऱ्याला गेट जवळ येईपर्यंत ब्रेक लागत नाही.

गेटवरून शेजारी डोकावतात. "काय होऊन राहिलं भाऊ? झालं का?" "झालं. अलाइनमेंट बाकी आहे."

अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणं, टाळायची नाही. खुणा कितीही नेमक्या असल्या तरी डोळ्याचा अंदाज मशीनइतका बारीक नसतो. तिथवर गाडी हळू न्यायची. मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग वाढवून आवाज ऐकायचा, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का पाहायचं.

प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर लेकीनं रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे, अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर. पुढच्या रविवारी चाक काढून ती रेघ तपासायची. कुठे तुटलेली दिसली तर तो बोल्ट हलला आहे, तो पुन्हा आवळायचा.