शिखरांखालचा चढ

[पडद्यावर: सिलिकॉनच्या पातळ थराचा कच्चा रामन वर्णपट]

हा वर्णपट नीट पाहा. लेसरचा प्रकाश नमुन्यावरून विखुरताना त्यातला थोडा भाग रंग बदलून येतो. तो किती बदलला, ते प्रति सेंटिमीटरमध्ये दाखवणारा हा आलेख. ५२० प्रति सेंटिमीटरपाशी स्फटिकी सिलिकॉनचं टोकदार शिखर आहे. त्याच्या डाव्या अंगाला, ४८०च्या आसपास, एक बसका, रुंद फुगवटा दिसतो. तो अस्फटिकी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेल्या सिलिकॉनचा. आणि हे दोन्ही एका तिरक्या चढावर उभे आहेत. तो चढ म्हणजे सरकलेली बेसलाइन, शिखरांखालची पायारेषा.

रामन विकिरण अतिशय क्षीण असतं, साधारण एक कोटी फोटॉनांमागे एखादा फोटॉन. त्यामुळे नमुन्यातल्या किंवा त्याखालच्या काचेतल्या जराशा प्रतिदीप्तीनंही, म्हणजे लेसर पडल्यावर पदार्थानं स्वतः सोडलेल्या प्रकाशानंही, अख्खा आलेख वर उचलला जातो. ५३२ऐवजी ७८५ नॅनोमीटरचा लेसर घेतला, तर ही प्रतिदीप्ती बऱ्याचदा कमी होते. मात्र रामनचा संकेतही घटतो. तरीही जे मोजतानाच टाळता येतं, ते आधी तिथंच टाळावं.

उरलेला चढ गणितानं काढतात.

[पडद्यावर: आलेखातून जाणारी लाल रेषा, हळूहळू खाली उतरते]

२००५ साली आयलर्स आणि बोलेन्स यांनी मांडलेली असममित न्यूनतम वर्ग पद्धत आज सर्रास वापरली जाते. आधी सगळ्या बिंदूंमधून एक गुळगुळीत रेषा काढायची. रेषेच्या वर राहिलेल्या बिंदूंना अगदी कमी वजन, म्हणजे महत्त्व, द्यायचं, समजा ०.०१, खालच्यांना ०.९९. मग रेषा पुन्हा काढायची. दर फेरीला शिखरांची ओढ कमी होते आणि रेषा त्यांच्या पायथ्याशी येऊन टेकते. ती किती ताठ राहील, हे ठरवतो लॅम्डा, म्हणजे आपणच निवडायचा एक आकडा.

खरी जोखीम या लॅम्डातच आहे. तो फार मोठा घेतला, तर चढ पुरता निघत नाही. फार लहान घेतला, तर रेषा इतकी लवचीक होते की ४८०चा फुगवटाच तिला जमीन वाटतो.

[पडद्यावर: फुगवटा नाहीसा होतो, टोकदार शिखर तेवढं उरतं]

आलेख आता देखणा दिसतो, पण थर पूर्ण स्फटिकी असल्याचं खोटंच सांगतो. सुधारलेला आलेख एकटाच पाहिला, तर हे कळायला मार्गच नाही! म्हणून बेसलाइन आधी कच्च्या आलेखावर काढून पाहायची. लॅम्डा दहापट वाढवून, दहापट घटवून दोन्ही शिखरांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर पुन्हा मोजायचं, कारण थर किती स्फटिकी आहे ते त्यावरूनच ठरवतात. ते हलत असेल, तर अहवालात एकच आकडा देऊन भागणार नाही. किती हलतं तेही लिहावं लागेल, आणि सोबत लॅम्डा, वजनं आणि कच्ची नोंद.