साठ तासांचा आठवडा

(दृश्य: गिरणीची चिमणी, फाटकातून आत शिरणारी गर्दी)

साल १९१९. मुंबईच्या कापडगिरणीत पुरुष कामगाराला बारा तास राबवायला कायद्याचीच परवानगी होती. खात्यात दमट हवा, अंगावर कापसाची पिंज. आठवड्याचे बहात्तर तास सहज भरत.

त्याच वर्षी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. भारत पारतंत्र्यात, तरी संस्थापक सदस्य! कामगारांच्या वतीने गेले नारायण मल्हार जोशी, मुंबईत कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणाऱ्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. त्यांना नेमलं मात्र सरकारने, कारण कामगारांची देशव्यापी संघटनाच नव्हती. ती पुढच्याच वर्षी मुंबईत उभी राहिली, ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक. आपला प्रतिनिधी आपण ठरवायचा, हेही त्यामागचं एक कारण.

परिषदेचा पहिलाच करार कामाच्या तासांचा: दिवसाला ८, आठवड्याला ४८. पण कलम १० हिंदुस्थानापुरतं वेगळं. इथे ६० चालतील! मालकांच्या पथ्यावर पडणारी सवलत, तरी कामगाराचे बारा तास वाचत होते.

(दृश्य: जुना दस्तऐवज, बोट कलम १०वर थांबतं)

आता हा कागद गिरणीपर्यंत पोहोचायचा कसा? नियम असा, की मंजूर झालेला करार प्रत्येक सरकारने ठरावीक मुदतीत आपल्या कायदेमंडळापुढे ठेवायचाच. स्वीकारायची सक्ती नव्हती. पण गुपचूप फडताळात टाकायची सोयही नव्हती. इकडे मुंबईत १९१९ आणि १९२०च्या संपांनी गिरण्या ठप्प झालेल्या. आमच्या मते, हा रेटा नसता तर नुसत्या कराराने फारसं काही हललं नसतं.

१९२१मध्ये भारताने करार स्वीकारला. १९२२मध्ये फॅक्टरी कायदा बदलला: आठवड्याला ६० तास, दिवसाला ११.

१९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४. आणि ४८? त्यासाठी १९४६ उजाडलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं.

(दृश्य: कारखान्याच्या भिंतीवरचा फलक)

१९४८च्या कायद्याने पाळ्यांच्या वेळांचा फलक कामगारांना कळेल अशा भाषेतही लावणं बंधनकारक केलं. संघटना बांधण्याच्या आणि सामुदायिक वाटाघाटीच्या हक्कांचे त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार मात्र भारताने आजवर स्वीकारलेले नाहीत.

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तेवढे कायम ठेवले.