गाडी आधी की वर्दी आधी? अमेरिकेतल्या शहर पोलिसांच्या वाहनांची गोष्ट

नमस्कार मंडळी.

1899 चा मे महिना. न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका टॅक्सीवाल्याला पोलिसांनी गाडी फार जोरात पळवली म्हणून अटक केली. वेग होता ताशी 12 मैल, म्हणजे साधारण 19 किलोमीटर. मर्यादा ताशी 8 मैलांची होती. ती टॅक्सी विजेवर चालायची आणि तिला गाठणारा पोलीस सायकलवर होता. मोटार वेगानं चालवली म्हणून अमेरिकेत झालेली ही पहिली अटक मानली जाते.

न्यूयॉर्क पोलिसांचं सायकल पथक त्याआधी चार वर्षं, 1895 मध्ये उभं राहिलं. थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते तेव्हा शहराच्या पोलीस बोर्डाचे अध्यक्ष होते. या पथकातली माणसं भरधाव सायकलवाल्यांना अडवायची आणि गाडीसकट उधळलेले घोडे पाठलाग करून थांबवायची. याच काळात चार्ल्स मर्फी नावाच्या एका सायकलपटूनं आगगाडीच्या मागे, तिच्या आडोशात राहून, एक मैल 57.8 सेकंदांत कापला होता. तोही पुढे न्यूयॉर्क पोलिसांत भरती झाला.

पोलिसांच्या गाड्यांचा विषय निघाला की बोलणं इंजिनावर जातं. किती हॉर्सपॉवर, किती स्पीड, सायरन कुठला. मलाही ते सगळं आवडतं. पण हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत राहिली. दर वेळी गाडी बदलली ती वर्दी बदलली म्हणून. वर्दी म्हणजे इथे गणवेश नाही, तर पोलिसांपर्यंत पोहोचणारी खबर. काहीतरी घडलंय हे पोलिसांना कसं कळतं आणि किती वेळात कळतं, यावर त्यांचं वाहन ठरत आलंय. आज या धाग्यानं आपण हा इतिहास पाहू.

आता 1880 च्या शिकागोत जाऊ.

त्याआधी गस्तीवरचा पोलीस एकदा चौकीतून बाहेर पडला की एकटा पडायचा. दारू पिऊन धिंगाणा घालणारा माणूस पकडला, तर त्याला ओढत, ढकलत चौकीपर्यंत पायी न्यायचं. वाटेत त्याचे मित्र आडवे आले तर मदत कोणाकडे मागणार? शिकागोनं रस्त्यांच्या कडेला पेट्या बसवल्या. पेटीच्या आत टेलिफोन आणि शेजारी एक तबकडी. तबकडीवर चोर, दंगल, दारुडा, खून, अपघात, आग असे पर्याय लिहिलेले. काटा हवा तिथे फिरवायचा आणि खटका ओढायचा, की चौकीत कळणार, कुठल्या पेटीवरून काय वर्दी आली. परिसरातल्या प्रतिष्ठित नागरिकांकडेही या पेट्यांच्या चाव्या दिलेल्या असायच्या.

आणि ही वर्दी येऊ लागली म्हणूनच घोड्यांची पोलीस व्हॅन उपयोगाची झाली. अग्निशमन दलासारखी ती चौकीत सज्ज उभी असायची. निरोप आला की निघायची, आरोपीला घेऊन यायची, जखमी असेल तर त्यालाही उचलायची. पेटी नसती तर ती व्हॅन नुसती उभीच राहिली असती. ही जोडी पुढे अमेरिकेतल्या शहरांनी भराभर उचलली.

[पडद्यावर: ओहायो राज्याचा नकाशा, अ‍ॅक्रन शहर]

1899 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरानं घोडे काढून टाकले. शहराचे यांत्रिकी अभियंता फ्रँक लूमिस यांनी विजेवर चालणारी पोलीस गाडी तयार केली. स्वयंचलित पोलीस गाड्यांमधली ही पहिली म्हणून ओळखली जाते. वजन 5,500 पौंड, म्हणजे अडीच टन. वेग ताशी 16 मैल. एका चार्जिंगमध्ये 30 मैल. विजेचे दिवे, घंटा, स्ट्रेचर. खर्च 2,400 डॉलर. तिला पहिली वर्दी आली ती एका दारुड्याला उचलून आणायची.

वर्षभरातच, 22 ऑगस्ट 1900 च्या रात्री, अ‍ॅक्रनमध्ये दंगल पेटली. एका कृष्णवर्णीय आरोपीला जमावाला स्वतःच्या हातानं मारायचं होतं. पोलिसांनी त्याला आधीच गुपचूप क्लीव्हलँडला हलवलं होतं. चिडलेल्या जमावानं नगरपालिकेची इमारत जाळली, दोन लहान मुलांचा जीव गेला आणि ही गाडी लोकांनी पळवून कालव्यात ढकलली. ती बाहेर काढून पुन्हा वापरलीही गेली. पोलीस वाहनांच्या इतिहासात या गाडीचं नाव कौतुकानं घेतात आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीची ही बाजू सोडून ते घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढची दहा-पंधरा वर्षं भराभर जातात. डेट्रॉइट पोलिसांनी 1908 मध्ये हार्ले-डेव्हिडसनची मोटारसायकल घेतली. एकामागून एक शहरं मोटारी घेऊ लागली. पण बहुतेक ठिकाणी मोटार म्हणजे वरिष्ठांचं वाहन किंवा आरोपी आणायची गाडी. साधा शिपाई पायीच.

याला मोठा अपवाद कॅलिफोर्नियातलं बर्कली. तिथले पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर. यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या माणसाला खरा प्रश्न कळला होता. त्यांनी शिपायांना आधी सायकली दिल्या, मग मोटारसायकली आणि 1914 च्या सुमारास मोटारी. गाड्या शिपायांच्या स्वतःच्या आणि त्यासाठी खातं महिन्याला भत्ता देई. पण गाडीतून फिरणाऱ्या माणसाला चौकीतून हाक कशी मारायची? व्होल्मरनी चौकाचौकांत वर दिवे टांगले. मुख्यालयात बटण दाबलं की दिवे ठरलेल्या खुणेनं लुकलुकायचे. ते पाहून शिपाई जवळच्या फोनपेटीकडे जायचा आणि विचारायचा, काय झालंय. आज हे साधं वाटेल, पण फिरत्या पोलिसाला मागून निरोप देण्याची ही व्यवस्था त्या काळात फार पुढची होती.

दिवा दिसला नाही तर मात्र वर्दी गेलीच. हा प्रश्न सुटला डेट्रॉइटमध्ये आणि तो सुटायला सात वर्षं लागली.

मोटारी तिथेच बनत, त्यामुळे चोरीच्या मोटारीतून पळणारे गुन्हेगारही तिथे भरपूर. पोलीस आयुक्त विल्यम रटलेज यांनी 1921 पासून गाडीत रेडिओ बसवण्याचे प्रयोग सुरू केले. अडचणी दोन. पहिली यंत्राची. गाडी खड्ड्यातून गेली की हादऱ्यानं रेडिओचं स्टेशन हलायचं आणि गाडीत बॅटरीही जेमतेम. दुसरी अडचण कायद्याची. पोलिसांसाठी वेगळी लहरच नव्हती. परवाना मिळाला तो मनोरंजनाच्या केंद्राचा, म्हणून डेट्रॉइट पोलिसांना मधून मधून गाणी वाजवावी लागत. गाणं थांबवून चोरीच्या गाडीचा नंबर सांगायचा आणि मग पुन्हा गाणं. रटलेज यांनी चिकाटी सोडली नाही. रॉबर्ट बॅट्स आणि केनेथ कॉक्स या तरुणांनी हादरे सोसणारा रिसीव्हर तयार केला आणि 7 एप्रिल 1928 रोजी बेल आइल बेटावरच्या केंद्रातून नियमित प्रसारण सुरू झालं.

मला विचाराल तर पोलिसांची गाडी खऱ्या अर्थानं जन्मली ती या दिवशी. त्याआधी ती फक्त पोलीस वाहून नेणारी मोटार होती.

अर्थात संवाद एकतर्फी होता. गाडीतल्या शिपायाला ऐकू यायचं, उत्तर देता यायचं नाही. न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरानं 1933 मध्ये दुतर्फी रेडिओ सुरू केला, तेव्हा कुठे गाडी बोलू लागली. आणि तिथून गाडीची बांधणी बदलली. ट्रान्समीटर जड, तो मागे डिकीत. त्याला वीज जास्त लागते, म्हणून मोठा जनरेटर हवा. डिकी किती मोठी आणि जनरेटर किती ताकदीचा, हे प्रश्न आता खरेदीच्या वेळी वेगाइतकेच महत्त्वाचे झाले.

वेगाचंही सांगतो. 1932 मध्ये फोर्डनं सर्वसामान्यांना परवडेल अशी व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची मोटार काढली. ती पोलिसांनी घेतली आणि दरोडेखोरांनीही. 1950 मध्ये फोर्डनं खास पोलिसांसाठी पॅकेज द्यायला सुरुवात केली. त्यानंतर पाच-सहा वर्षांत शेवरले आणि डॉज आले. यात दणकट स्प्रिंगा, चांगले ब्रेक, जाड सीट आणि अचूक स्पीडोमीटर असायचा. टपावरचा फिरणारा दिवाही याच काळातला. फेडरल कंपनीचा ‘बीकन रे’ 1948 मध्ये आला. त्याआधी पुढे एखादा लाल दिवा असे, तो बाजूनं येणाऱ्याला दिसतच नसे.

1968 मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून तातडीच्या मदतीसाठीच्या 911 या क्रमांकावर पहिला कॉल झाला. आता वर्दी देणं कोणालाही, घरातून, तीन आकड्यांत शक्य होऊ लागलं. हळूहळू शहरांतली गस्त म्हणजे गाडीत बसून रेडिओची वाट पाहणं आणि मधल्या वेळात बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, फिरत राहणं, अशी झाली. गाडी दिसली की गुन्हेगार बिचकतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

कॅन्सस सिटीच्या पोलीस खात्यानं ते तपासून पाहायचं ठरवलं. माझ्या मते कुठल्याही पोलीस खात्यानं दाखवलेलं हे फार मोठं धाडस आहे. ऑक्टोबर 1972 पासून वर्षभर त्यांनी 15 बीट तीन गटांत वाटले. पाच बीटमध्ये नेहमीची गस्त ठेवली. पाचमध्ये गाड्या दोन-तीन पट वाढवल्या. आणि उरलेल्या पाचमध्ये गस्त पूर्ण बंद. तिथे वर्दी आली तरच गाडी आत जाणार. संशोधक जॉर्ज केलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. गुन्ह्यांत, लोकांना वाटणाऱ्या भीतीत, पोलिसांबद्दलच्या मतात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. गस्त वाढली की बंद झाली, हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नव्हतं.

या प्रयोगावर टीकाही झाली. बीट थोडेच होते आणि गस्त बंद असलेल्या भागातही वर्दीला गाड्या जातच होत्या. त्यामुळे ‘गस्त निरुपयोगी’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल.

पण याच शहरात पुढे झालेला दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी किती मिनिटांत पोहोचते, यावर आरोपी सापडणं किती अवलंबून असतं, हे त्यात पाहिलं गेलं. आढळलं असं, की गाडी निघण्याच्या आधीच बराच वेळ गेलेला असतो. माणूस आधी घाबरतो, मग घरच्यांना विचारतो, शेजाऱ्याला सांगतो आणि मग पोलिसांना फोन करतो. अशा वेळी गाडीनं दोन मिनिटं वाचवली तरी चोर कधीच निघून गेलेला असतो. वेगवान इंजिनावर खर्च करणाऱ्या प्रत्येक शहरानं हा निष्कर्ष वाचायला हवा होता.

1987 मध्ये सिॲटलनं शहराच्या मध्यभागात पुन्हा सायकल पथक आणलं. बांधकामांमुळे रस्ते तुंबलेले आणि मोटारींतले पोलीस अडकून पडायचे. सायकलवरचा पोलीस वाहतुकीतून वाट काढायचा आणि समोरच्याला कळायच्या आत जवळ पोहोचायचा. इतर शहरांनी हे लवकरच उचललं.

आणि शेवटी फोर्डची पोलीस गाडी, क्राउन व्हिक्टोरिया. 1992 ते 2011. स्वतंत्र चासी, व्ही-8 इंजिन, मागच्या चाकांना ताकद. फूटपाथवर चढवा, आपटा, दुरुस्ती सोपी आणि स्वस्त. पण पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे असायची. मागून जोरात धडक बसून आग लागल्यानं काही पोलिसांचे जीव गेले, हे तिच्या चाहत्यांनीही विसरू नये. सप्टेंबर 2011 मध्ये कॅनडातल्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली.

तिची जागा बऱ्याच ठिकाणी फोर्डच्याच एक्सप्लोररसारख्या एसयूव्हीनं घेतली. कारण लॅपटॉप, कॅमेरे, रेडिओ, हत्यारं हे सगळं मावायला जागा हवी. आणि 2020 पासून एक्सप्लोररची पोलीस गाडी हायब्रिडमध्ये आली. यामागचा हिशेब उभ्या गाडीचा आहे. शहरातली पोलीस गाडी शिफ्टमधला फार मोठा वेळ एका जागी उभी असते. आत संगणक चालू, रेडिओ चालू, दिवे चालू आणि त्यांच्यासाठी इंजिन चालू. हायब्रिडमध्ये ही वीज बॅटरी देते आणि इंजिन बरंचसं बंद राहतं.

म्हणूनच या गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिन किती तास चाललं, याचा वेगळा आकडा असतो. फोर्डच्या हिशेबानं उभ्या गाडीचा एक तास म्हणजे इंजिनासाठी साधारण 33 मैल. तिकडे अशा वापरलेल्या गाड्या लिलावात निघतात, तेव्हा जाणकार गिऱ्हाईक आधी तासांचा आकडा पाहतं आणि मग मैलांचा.